उन्हाच्या मुलखांतील केळ

वैशाखाच्या उत्तरार्धांत यवतमाळहून आर्णी-महागांवच्या वाटेनें उमरखेडकडे जाणाऱ्या प्रवाशाला बराच वेळ एकच देखावा दिसत राहतो. सागाचीं झाडें पानें टाकून उभीं असतात, काळ्या जमिनीला हात हात भेगा पडलेल्या असतात, आणि दुपारीं बारा ते चार या वेळांत माणूस तर राहोच, पण जनावरही उघड्यावर दिसत नाहीं. उष्णतामापकाचा पारा ४४-४५ अंश सेंटिग्रेडच्या घरांत असतो. कधीं कधीं तो त्याच्याही वर चढतो. भाजून निघालेल्या या प्रदेशांत पैनगंगेचें खोरें जवळ आलें म्हणजे मधूनच एकादा हिरवागार चौकोन दृष्टीस पडतो, आणि जवळ गेल्यावर कळतें कीं ती केळीची बाग आहे. कोंकणांत विहिरीच्या पाटाशीं, न्हाणीच्या सांडपाण्याशीं जिची जन्माची सोयरीक, ती केळ या आगींत कशी उभी राहिली, असा प्रश्न सहजच मनांत येतो.

हा प्रश्न जितका कृषिशास्त्राचा तितकाच इतिहासाचाही आहे. उन्हाच्या मुलखांत केळ लावण्याची खटपट माणसानें हजार वर्षांहून अधिक काळ चालविली आहे. अरबस्तानांतील मरुद्यानांत ती झाली, खानदेशांत ती झाली, हॉलंड-इंग्लंडमधील कांचेच्या घरांत ती उलट्या बाजूनें झाली, आणि या सर्वांच्या मागून ती पैनगंगेच्या कांठीं आली. प्रत्येक ठिकाणीं उन्हाचा म्हणून जो प्रश्न मांडला गेला, तो अखेर पाण्याचा प्रश्न ठरला.

याचें कारण केळीच्या घडणींतच आहे. केळीला झाड म्हणण्याचा प्रघात असला तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें ती झाड नव्हे. लाकूड असें तिच्यांत नाहींच. जें खोड दिसतें तें पानांच्या देठांचे पापुद्रे एकमेकांवर घट्ट गुंडाळून झालेलें असतें. खरें खोड म्हणजे जमिनींतला कंद. त्या कंदाची मुळें बहुतेक वरच्या हातभर मातींतच पसरतात, आणि वर तर पुरुषभर लांबीचीं पानें रात्रंदिवस पाण्याची वाफ उधळीत असतात. खर्च राजवाड्याचा आणि तिजोरी झोंपडीची, असा हा संसार आहे. साधारण २६ ते ३० अंशांची ऊब तिला मानवते. पारा ३८ च्या पुढें गेला कीं वाढ थांबते. कडक दुपारीं पानाचे दोन्ही पंख मधल्या शिरेपाशीं मिटून खालीं लोंबूं लागतात. पाहणाऱ्याला ती मरगळ वाटते, पण वास्तविक ती केळीनें आपल्या परीनें धरलेली छत्रीच होय. मुळाशीं ओल असेल तर संध्याकाळीं तेंच पान पुनः पसरतें. ओल नसेल, किंवा ओल असूनही पश्चिमेकडून झोंबणारा तप्त वारा अडविला गेला नसेल, तर पानांच्या कडा करपतात, पान फाटून चिंध्या होतात, घडाचा दांडा उन्हानें काळा पडून मोडतो. सारांश, नुसत्या उन्हानें केळ सहसा मरत नाहीं. पाण्याची पाळी चुकली किंवा वाऱ्याला वाट मोकळी सांपडली म्हणजे मरते.

तिच्याच कुळांतली एक वनस्पति मात्र उन्हाळ्याशीं निराळ्या रीतीनें तडजोड करते. सह्याद्रीच्या कड्यांवर, खडकांच्या फटींतून जी रानकेळ वाढते, जिला कित्येक ठिकाणीं चवई म्हणतात, ती पावसाळ्यांत भराभर वर येते आणि पाऊस सरला म्हणजे हळूहळू सगळा पसारा आवरून कंदाच्या रूपानें दगडाच्या कुशींत निजून राहते. उन्हाळ्याशीं तिचें भांडण नाहीं, कारण ती उन्हाळ्यांत घरींच नसते. बागेंतल्या केळीला ही सवलत नाहीं. तिच्याकडून माणसाला बारा महिने हिरवें पान आणि भरलेला घड पाहिजे असतो, म्हणून उन्हाळ्याचे चार महिने तिच्या वतीनें माणसालाच लढावें लागतें.

केळीचें मूळ घर आग्नेय आशिया व न्यू गिनी हें होय. न्यू गिनींतील कुक येथील पाणथळींत मिळालेल्या अवशेषांवरून सुमारें साडेसहा ते सात हजार वर्षांपूर्वीं तेथें तिची मुद्दाम लागवड होत असे, असें दिसतें. हिंदुस्थानांतही ती फार प्राचीन काळापासून आहे. अमरकोशांत कदली, रंभा, मोचा अशीं तिचीं नांवें येतात. सत्यनारायणाच्या चौरंगाला चार खुंट बांधणाऱ्या आणि लग्नमंडपाच्या दारीं केळीचे खांब उभारणाऱ्या घरांना या जुनेपणाचा दुसरा पुरावा नको. ग्रीक सैन्याबरोबर सिंधुतीरीं आलेल्या लोकांनीं पश्चिमेकडे ज्या नवलाच्या वार्ता नेल्या त्यांत हिचीही होती असें मानतात. इ. स. ७९ मध्यें मरण पावलेल्या प्लिनी या रोमन ग्रंथकारानें हिंदुस्थानांतील ज्ञानी पुरुष ज्या फळावर राहतात त्याचें वर्णन केलें आहे, आणि पुढें अठराव्या शतकांत लिनिअसनें केळीच्या एका जातीला ‘ज्ञानी जनांची’ अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें तें याच समजुतीवरून.

परंतु रखरखीत मुलखांत केळ नेण्याचें श्रेय अरबांकडे जातें. अरबी भाषेंत तिला ‘मौझ’ म्हणतात. तो शब्द संस्कृत ‘मोचा’ वरून आला असावा असें अनेकांचें मत आहे, आणि वनस्पतिशास्त्रांतलें ‘म्यूसा’ हें कुलनाम त्या अरबी शब्दापासून निघालें. इस्लामच्या पहिल्या कांहीं शतकांत अरब व्यापारी व माळी यांनीं ऊंस, लिंबू, नारिंग यांच्याबरोबर केळही मिसर, जॉर्डनचें खोरें आणि थेट स्पेनपर्यंत पोहोंचविली. त्यांची युक्ति साधी पण फार जाणतेपणाची होती. ओमानांतील मरुद्यानांत अद्यापही ती पाहावयास मिळते. वर खजुरीचें छत, त्याखालीं डाळिंब-लिंबासारखीं मध्यम झाडें व केळी, आणि तळाशीं गवत-भाजी, अशी तीन मजल्यांची ती बाग असते. खजुरीनें उन्हाचा पहिला मारा सोसावयाचा, बाहेरच्या कुंपणानें वाळूचा वारा अडवावयाचा, आणि डोंगरापासून भुयारी पाटानें आणलेलें पाणी घटका-पळें मोजून वांटून घ्यावयाचें. तेथें जमिनीच्या मालकीइतकीच पाण्याच्या पाळीचीही मालकी असते व ती वारसांत वांटली जाते. वाळवंटांत केळ दिसली म्हणजे पाणीवाटपाचा एक जुना करार तेथें टिकून आहे, असें खुशाल समजावें.

चौदाव्या शतकांत इब्न बतूता हा प्रवासी अरबस्तानाच्या दक्षिण किनाऱ्यावरील धोफार येथें गेला होता. या किनाऱ्याला पावसाळ्यांत नैर्ऋत्य वाऱ्याची झिमझिम लाभते, पण डोंगरापलीकडे रिकाम्या वाळवंटाची सुरुवात होते. तेथल्या केळ्यांचें त्याला इतकें नवल वाटलें कीं एक केळें आपल्यासमोर तोलविल्याचें त्यानें नमूद करून ठेविलें आहे. तेथेंच विड्याच्या पानांचे वेल पाहून त्याला हिंदुस्थानाची आठवण झाली. आणखी एक गोष्ट त्यानें लिहिली आहे, ती केळ्यांच्या वजनापेक्षां महत्त्वाची. तेथील विहिरी फार खोल असत. मोठ्या डोलाला पुष्कळ दोर लावून एकेक दोर एकेका गुलामाच्या कमरेला बांधीत आणि अशा रीतीनें पाणी ओढून शेतांना देत. वाळवंटांतल्या हिरवळीची किंमत कोणाच्या कमरेनें भरली, हें त्या एका वाक्यांत कळतें.

केळ आणि नागवेल ही जोडी वऱ्हाडालाही अपरिचित नाहीं. अमरावती जिल्ह्यांतील अंजनगांव-सुर्जीकडे बारी समाजाचे पानमळे आहेत. पानमळा म्हणजे उन्हाळ्याला चकविण्याचें एक शास्त्रच. चोहों बाजूंनीं ताट्यांची दाट भिंत, आंत शेवरी-पांगाऱ्याची सांवली, आणि थोडें पण वरचेवर पाणी. अशा आडोशाला केळही सुखानें राहते. वऱ्हाडचें ऊन सोसून कोमल वेल कसा वांचवावा हें ज्ञान या भूमींत जुनेंच होतें. फक्त तें कांहीं थोड्या घराण्यांच्या हातीं, कांहीं थोड्या विहिरींच्या भोंवतीं राहिलें.

युरोपांत याच्या नेमका उलट खेळ झाला. तेथें ऊन कमी, म्हणून कांचेच्या घरांत शेगडीनें तें निर्माण करावें लागे. हॉलंडमधील हार्टेकांप येथें क्लिफर्ड या श्रीमंत गृहस्थाच्या बागेंत १७३६ सालीं लिनिअसनें केळ फुलवून दाखविली, तेव्हां ती मोठी अपूर्वाईची गोष्ट झाली. ऊब तर तेथें आधींपासूनच होती. लिनिअसनें केळ कसदार मातींत लावून कांहीं आठवडे कोरडी ठेविली आणि मग वळवासारखें भरपूर पाणी दिलें. पुढें इंग्लंडांत चॅट्सवर्थ येथें डेव्हनशरच्या सहाव्या ड्यूकचा माळी जोसेफ पॅक्स्टन यानें मॉरिशसकडून आलेली एक ठेंगणी जात कांचघरांत वाढविली. १८३५ मध्यें ती निसवली, आणि ड्यूकच्या कॅव्हेंडिश या घराण्याचें नांव तिला मिळालें. हाच पॅक्स्टन पुढें १८५१ च्या लंडन-प्रदर्शनाचा स्फटिकमहाल बांधणारा. ही ठेंगणी कॅव्हेंडिश म्हणजे आपल्याकडची ‘बसराई’. तिचा ठेंगणेपणा येथें कामास आला. उंच केळ वाऱ्यापुढें मोडते. बसराई बुटकी असल्यामुळें घडाचें ओझें घेऊनही वादळांत तग धरण्याची शक्यता अधिक.

बसराईनें खरें राज्य केलें तें खानदेशांत. रावेर, यावल, सावदा या पट्ट्यांत उन्हाळा यवतमाळपेक्षां तिळभरही सौम्य नाहीं. मात्र तापीनें वाहून आणलेली खोल, पाणी धरणारी माती आणि त्या मातीखालीं विहिरींना लागणारें भरपूर पाणी, या दोन गोष्टी तेथें होत्या. त्यांत १८७० सालीं मुंबई-जबलपूर लोहमार्ग पुरा झाला आणि रावेर, निंभोरा, सावदा हीं स्थानकें उत्तरेकडच्या बाजारांशीं जोडलीं गेलीं. पुढें याच स्थानकांवरून केळ्यांचे डबे भरभरून दिल्लीकडे जाऊं लागले. उन्हाशीं झगडण्याची तेथली रीत पाहण्यासारखी आहे. पावसाच्या तोंडीं लावतात ती मृगबाग आणि आश्विन-कार्तिकांत लावतात ती कांदेबाग. कांदेबागेचा हेतु असा कीं ऐन उन्हाळ्यांत केळ अजून पानांच्याच वाढींत असावी, आणि नाजुक कमळ बाहेर पडण्याची वेळ पावसाळ्यांत यावी. पश्चिमेच्या व दक्षिणेच्या बांधावर शेवरीची किंवा उंच गवताची दाट रांग. खोडाभोंवतीं वाळलेल्या पानांचें आच्छादन. आणि निसवलेल्या घडावर त्याच केळीचें सुकें पान पांघरावयाचें. यांतली एकही गोष्ट पैशानें विकत घ्यावी लागत नाहीं. लागतें तें लक्ष. २०१६ सालीं जळगांवच्या केळ्याला भौगोलिक निर्देशनाचा मान मिळाला, त्याच्या मागें ही पिढ्यान्‌पिढ्यांची राखण आहे.

आतां यवतमाळकडे वळावयाचें. ऊन सारखेंच असतां खानदेशांत जी बाग शंभर वर्षांपूर्वींच रुजत होती ती येथें इतकी उशिरां कां आली? इंग्रजी अमलाच्या आरंभीं या भागाला वणी जिल्हा म्हणत. १९०५ सालीं वऱ्हाडची फेररचना होऊन पुसद तालुका त्यास जोडला गेला आणि यवतमाळ जिल्हा हें नांव रूढ झालें. या मुलखाखालीं काळा कातळ आहे. पुष्कळ ठिकाणीं मातीचा थर उथळ, आणि कातळ फोडून खणलेल्या विहिरीला चैत्रांत तळ दिसूं लागतो. शिवाय येथें कापसाचें राज्य होतें. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १९०३ सालीं यवतमाळहून मूर्तिजापूरला अरुंद रुळांची जी आगगाडी सुरू झाली ती कापसाच्याच ओझ्यासाठीं. कापसाला पाऊस पुरतो. शेतकऱ्याला विहीर खणावी लागत नाहीं. सावकार, अडत्या, रेल्वे, सरकार, सगळ्यांचें हित ज्या पिकांत होतें तें पाण्यावांचून येत होतें. मग पाण्याची तजवीज कोण करणार?

थोडा हिशेब केला म्हणजे केळीची अडचण ध्यानांत येते. पांच फुटांवर एक याप्रमाणें एकरांत सुमारें १,७४० केळी बसतात. मोठ्या केळीला भर उन्हाळ्यांत, अगदीं काटकसरीनें मुळाशीं थेंबथेंब दिलें तरी, दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी लागतें. म्हणजे एकराला रोज पस्तीस हजार लिटर. बैलाच्या मोटेंत दीडशें लिटर पाणी मावतें असें धरलें तर रोज दोनशें तीस मोटा, आणि पाटांत मुरणारें पाणी वेगळेंच. उन्हाळ्यांत आटणाऱ्या विहिरीवर, उपाशी बैलांच्या जोडीनें हें होणें नव्हतें. म्हणून जुन्या काळीं यवतमाळकडे केळ होती ती थारोळ्याच्या कडेला, वाड्याच्या परसांत. देवाला आणि पाहुण्याला पुरेल इतकी.

परिस्थिति बदलली ती धरणांमुळें. पुसदजवळच्या गहुली गांवीं जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्याच कारकीर्दींत १९७१ सालीं पूस नदीवरील धरण पुरें झालें आणि लगेच १९७२ च्या दुष्काळानें पाण्याची किंमत साऱ्या महाराष्ट्राला समजाविली. पुढें पैनगंगेवर इसापूरचें मोठें धरण १९८२ सालीं उभें राहिलें. पैनगंगा ही एके काळीं वऱ्हाड आणि निजामचें राज्य यांच्यामधली सीमा. आतां तिच्या एका बाजूच्या कालव्यानें उमरखेड-महागांवकडे आणि दुसऱ्या बाजूच्या कालव्यानें हिंगोली-नांदेडकडे पाणी जाऊं लागलें. एका तीरावर अर्धापूरची केळी नांवारूपास आली, दुसऱ्या तीरावर उमरखेडच्या काळ्या शिवारांत ऊंस, हळद आणि केळ यांनीं कापसाशेजारीं जागा मागितली. सहस्रकुंडाच्या धबधब्यावरून जें पाणी नुसतें पाहून लोक परतत, त्याच नदीचें पाणी प्रथमच वैशाखांत शेतांत आलें.

दुसरा बदल फार दुरून आला. इस्रायलच्या नेगेव वाळवंटांतील हात्झेरिम या वसाहतीनें १९६५ सालीं सिम्हा ब्लास या अभियंत्याच्या कल्पनेवरून ठिबकनळीचा कारखाना काढला. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जळगांवचे भवरलाल जैन यांनीं ती पद्धति महाराष्ट्राच्या शेतांत रुजविली, आणि १९९० च्या दशकांत ‘ग्रँड नैन’ या कॅव्हेंडिशच्याच भावंडाचीं प्रयोगशाळेंत ऊतींपासून वाढविलेलीं रोपें मिळूं लागलीं. मुनवे लावून केलेल्या बागेंत केळी मागेंपुढें निसवत. या रोपांची बाग बहुधा एकदमच निसवते, त्यामुळें नाजुक काळ उन्हाळ्याबाहेर ढकलणें सोपें झालें. पानांवर पांढऱ्या केओलीन मातीचें पातळ द्रावण फवारून ऊन परतवावें, असाही सल्ला कृषिखातें देतें. मरुद्यानांतील खजुरीचें काम आतां चिमूटभर मातीवर आलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. मात्र भुयारी पाटाचें काम अजून कोणी दुसऱ्यावर सोंपवूं शकलेला नाहीं.

आणि खरी अडचण तेथेंच आहे. धरण भरलें त्या वर्षीं कालव्याच्या तोंडाशीं असलेल्या गांवाला पाण्याच्या पाळ्या मिळतात. शेपटाकडील गांवाला त्या मिळतीलच असें नाहीं. धरण भरलें नाहीं तर प्यावयाच्या पाण्याचा हक्क पहिला, आणि तो रास्तच आहे. कापसाला एक पाळी चुकली तर बोंडें कमी लागतात. केळीला मे महिन्यांत दोन पाळ्या चुकल्या तर वर्षभराचा पैसा, रोपांची किंमत आणि नळ्यांचें कर्ज एकदम बुडतें. विहिरीवर पंप असूनही वीज मध्यरात्रीं येणार असेल तर नुकसान तेंच. मृगापूर्वींच्या वादळांत घडांनीं लगडलेली बाग एका रात्रींत आडवी होते, तें निराळेंच. शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत सेलू आणि पवनार हीं एके काळीं केळीचीं माहेरघरें म्हणून ओळखलीं जात. पाणी व वीज यांच्या ओढाताणींत तेथल्या बागा ओसरल्या. खानदेशांतही रावेर-यावलकडे विहिरींचें पाणी वर्षानुवर्षें खोल गेलें आहे. म्हणजे ज्या शिदोरीवर बसराईनें तेथें राज्य केलें तीही अक्षय्य नव्हती.

यवतमाळच्या बाबतींत हा हिशेब अधिक कठोरपणें करावा लागतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून या जिल्ह्याचें नांव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें देशभर गेलें. २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटि रुपयांची मदत जाहीर केली, तिचा निम्म्याहून अधिक भाग पाटबंधाऱ्यांसाठीं राखून ठेविला होता. रोगाचें निदान बरोबर होतें. पण पाणी आलें म्हणजे तें कोणत्या पिकाला, किती शेतांना, हा प्रश्न धरणाच्या भिंतीनें सुटत नाहीं. एक एकर केळ जगवणाऱ्या पाण्यांत कित्येक एकर कापसाला किंवा हरभऱ्याला निकडीच्या वेळची एक पाळी देतां येते. उलट पक्षीं, त्या एक एकर केळीनेंच एकादें घर कर्जांतून वर आलेलें असतें, आणि त्या घराला हा सार्वजनिक हिशेब सांगण्याचा अधिकार सहजासहजीं कोणाला पोहोंचत नाहीं. ओमानच्या मरुद्यानांतल्या लोकांनीं पाण्याच्या पाळ्या आधीं ठरविल्या व झाडें मग लावलीं. आपल्याकडे पुष्कळदां झाडें आधीं लागतात.

उमरखेडकडील जाणते बागाइतदार याबाबत सावध झालेले दिसतात. आश्विनांत विहीर तुडुंब असते, तेव्हां ती पाहून किती रोपें लावावींत हें ठरविणें सोपें. पण ते मागच्या वैशाखांत पंप किती तास चालला होता याची आठवण करून आंकडा ठरवितात. पांच एकरांची जमीन असली तरी केळ एक-दीड एकरच, तीही घराजवळच्या, वारा अडलेल्या तुकड्यांत. कांहीं भागांत हळद, आणि उरलेल्यांत आजोबांच्या वेळचा कापूस. लागणीच्या आधीं पश्चिमेच्या बांधावर शेवरीचें बीं टाकलें जातें, कारण केळ निसवेल तेव्हां शेवरी माणसाच्या डोक्यावर गेलेली असली पाहिजे.